एका रेघेत खोडलेला पाच

डब्लिनजवळच्या औषधांच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या करण्याचे ते माझे नववे वर्ष होते. उभ्याने यंत्रांवरच्या नोंदी तपासायच्या, हे माझे काम. पन्नाशी जवळ आली होती आणि गुडघ्यांना ती माझ्याआधी कळली होती. त्याच सुमारास दस्तऐवज विभागातली दिवसपाळीची एक जागा रिकामी होणार होती. तिथे खुर्ची होती, खिडकी होती, घरी परतण्याची ठरलेली वेळ होती. निवड आमचे व्यवस्थापक करणार होते, आणि कारखान्याच्या वार्षिक गोल्फच्या दिवशी त्यांनी मला आपला जोडीदार म्हणून घेतले.

मी त्या खेळाची काठी कधी हातात धरली नव्हती. तेव्हा जी सवय होती तेच केले : वही घेतली, समास आखला आणि गोल्फचा इतिहास उतरवून काढला. पत्नी म्हणाली, “अहो, चेंडू मारायला चाललात की तोंडी परीक्षेला?”

इतिहास मात्र रंजक होता. या खेळाची मुळे नेमकी कुठली यावर वाद आहेत. पण आजचे रूप त्याला स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूत आले. पंधराव्या शतकात तिथल्या राजसत्तेने त्यावर बंदी घातली, कारण तरुण मंडळी धनुर्विद्या सोडून चेंडूमागे धावत होती. पुढे स्कॉटिश सैनिक, व्यापारी आणि अभियंते जिथे जिथे गेले, तिथे तो सामानाबरोबर गेला. युरोपातल्या अनेक देशांआधी तो कलकत्त्याला पोहोचला. पोटासाठी परदेशी गेलेल्या माणसांनी पसरवलेला खेळ, हे वाचून मला तो थोडा आपला वाटला. वहीत एक वाक्य मी अधोरेखित केले होते : या खेळात प्रत्येक फटक्याशी पंच उभा नसतो, जोडीदार एकमेकांचे फटके मोजतात व लिहितात.

आम्ही अठरापैकी नऊच होल खेळणार होतो, याचा मला आदल्या दिवसाच्या पाळीमुळे आनंदच झाला. वारा बोचरा होता. माझा खेळ सांगण्याजोगा नव्हता. इतिहास सांगायला मी दोनदा तोंड उघडले. दोन्ही वेळा व्यवस्थापक चेंडू शोधायला गवतात शिरले.

आठव्या होलला त्यांचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. पहिल्या फटक्याने तो वीतभर सरकला, दुसऱ्याने बाहेर आला. होल संपल्यावर ते काठी पुसत म्हणाले, “पाच लिही माझे.”

मी गुणांच्या कार्डावर पाच लिहिले. मग मनात फटके पुन्हा मोजले. सहा होते, आणि या खेळात फटके जितके कमी तितके चांगले. वाळूतला तो वीतभराचा फटका ते विसरले असावेत. तेव्हा मला तसेच वाटले, आजही वाटते. त्यांना हाक मारून सांगायला हवे होते. पण हात नऊ वर्षांच्या शिस्तीने चालला : पाचवर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी, शेजारी सहा, आद्याक्षरे, तारीख, आणि कारण : ‘मोजणीतील चूक’. कारखान्यात नोंद अशीच सुधारतात.

खेळ संपल्यावर सहीसाठी कार्ड त्यांच्या हाती गेले. त्यांनी खोडलेल्या पाचवर बोट ठेवले.

“हे तू इथेसुद्धा करतोस?”

“सवय आहे,” मी म्हणालो.

“ग्रँड,” ते म्हणाले, म्हणजे इकडच्या बोलीत ‘ठीक आहे’, आणि सही केली.

तीन आठवड्यांनी त्यांनी मला बोलावले. जागा दुसऱ्याला दिली होती. “तुझ्यासारखी नजर पाळीत दुसऱ्या कुणाचीच नाही,” ते अगदी मनापासून म्हणाले. “तुला यंत्रांपासून हलवणे मला परवडणार नाही.”

घरी येऊन मी बूट काढले आणि पाय गरम पाण्यात सोडून बसलो. पत्नीने सगळे ऐकून घेतले.

“पाचच राहू दिले असते तर?”

“सहा झाले होते,” मी म्हणालो.

“माहीत आहे हो,” ती म्हणाली, आणि उद्याच्या पाळीचा डबा शोधू लागली.