मेकॅनिकनं न लावलेली लॉकपत्ती

मित्रांनो, डोकं लय तापलंय म्हणून लिहायलोय.

आज बहिणीची परभणीला नर्सिंगची प्रवेश परीक्षा होती. वालूरहून तिला घेऊन मोटरसायकलवर निघालो. अर्ध्या वाटेत मागून खडखडाट झाला, चेन अडकली अन् चाक जाम. पडता पडता वाचलो. बघतो तर मागच्या स्प्रॉकेटचे, म्हंजी चेन फिरते त्या दातेरी चक्राचे, नट सैल होऊन गळालेले.

कालच नवं चेन-किट बसवलं होतं. नट फिरू नयेत म्हणून दुमडायची लॉकपत्ती मेकॅनिकनं लावलीच नव्हती.

दुसऱ्याच्या गाडीवर कसेबसे पोचलो, तर केंद्राचं गेट बंद.

परत येऊन मेकॅनिकला जाब विचारला. म्हणाला, "जुनी पत्ती तुटली व्हती. तिच्यावाचून काय अडतंय?"

बहीण म्हणाली, "माझं वर्ष अडलं, दादा."

तो पान्हा घेऊन पुढच्या गाडीकडं वळला. ती गाडी तुमच्यापैकी कोणाची हाय का?