शिडीवर थांबलेल्या वहिनी

मागच्या वर्षी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उरकल्यावर एका रविवारी पहाटेच धुळ्याहून निघालो आणि सकाळच्या उन्हाला गावी पोचलो. कॅमेरा गळ्यातच होता. पिंपळनेरच्या पुढं आमचं गाव, आणि त्या दिवशी घरच्या धाब्यावर माती टाकायची होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. धाब्याचं घर म्हणजे मातीच्या भिंती, लाकडी तुळया आणि वर सपाट मातीचं छत. पावसाळ्याआधी दरवर्षी त्यावर खारी माती पसरायची, चोपायची, नाहीतर घर गळतं.

तुम्हाला माझा नाद ठाऊक आहेच. सुटी मिळाली की मोटरसायकल काढायची आणि जुनी घरं, ओसऱ्या, कापसाचे पडके जिनिंग कारखाने असं शोधत फिरायचं. रावेरकडं केळीच्या मळ्यांमधून फिरताना एक कोरीव दरवाजा दिसला, तर त्याच्यासमोर मी अर्धा दिवस बसलो होतो. फोटो टाकले की तुमच्यापैकी किती जण लिहायचे, गाव आठवलं, डोळे भरून आले... खरं सांगतो, फार बरं वाटायचं.

पण आमच्या स्वतःच्या घराचा प्रश्न मात्र तसाच अडकला होता. मोठे बंधू नाना आणि वहिनी तिथं राहतात. दोघांची साठी जवळ आलेली. हे पाडून साधं स्लॅबचं घर बांधावं असं त्यांच्या मनात होतं, पण नाना माझ्या होकाराशिवाय वीटही हलवणार नाहीत. आणि मी दरवेळी म्हणायचो, बघू... आपली कानबाई त्याच भिंतीपाशी बसते ना, तिची जागा कशी मोडायची?

हे मी नुसतं बोलायला बोलत नव्हतो. कानबाई ही आमची खान्देशातली देवी; श्रावणात ती घरी बसते तेव्हा आमचे सगळे भाऊबंद, कुठं कुठं नोकरीला असलेली माणसं, त्या एका खोलीत मावतात. घर गेलं तर हे सगळं विस्कटेल, अशी मनात खरीच भीती होती.

तर त्या सकाळी नाना वर माती पसरत होते आणि वहिनी खालून घमेली वाहत होत्या. ऊन तिरपं, भिंतीवर शिडीची लांब सावली, वहिनींच्या डोक्यावर मातीचं घमेलं... असा फोटो वर्षातून एखादाच मिळतो. मी ओरडलो, "वहिनी, तशाच थांबा! हलू नका!"

त्या थांबल्या. शिडीच्या मध्यावर, डोक्यावर घमेलं घेऊन. मी आपला फोकस लावतोय, दोन पावलं मागं जातोय, पुन्हा पुढं येतोय.

"भाऊ, काढा लवकर," वहिनी वरून म्हणाल्या. "कानबाई बी इतला येळ उभी ऱ्हात नही!"

नाना धाब्यावरून हसले. "त्याले काय, तो फोटो काढीसन धुळाले चालना जाई. माती ते आपलेच वाहनी शे!"

माती शेवटी त्या दोघांनाच वाहायची, हे खरंच होतं. मीही हसलो. मग फोटो नीट आलाय का ते बघायला स्क्रीनवर मोठा केला... आणि वहिनींचा पाय दिसला. शिडीची ती पायरी मोडलेली होती, जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधलेली. त्या पायरीवर सगळा भार घेऊन वहिनी माझ्यासाठी उभ्या होत्या. टाच थरथरत होती म्हणून फोटोत तेवढीच पुसट आली होती.

मी कॅमेरा खाली ठेवला आणि घमेलं घेतलं. नंतरची माती मीच वाहिली. दुपारपर्यंत मान वर करवेना. धाब्यावर उभा राहिलो तर आजूबाजूला सगळे स्लॅब, पाण्याच्या टाक्या, वाळत घातलेल्या मिरच्या. शिडी लावलेलं घर तेवढं आमचंच. इतकी वर्षं मी ते खालूनच बघत होतो.

ओसरीवर चहा पिताना मी मनातली गोष्ट बोललोच. घर पाडलं तर कानबाईचं काय?

वहिनींनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं लहान मुलाकडं पाहावं. "कानबाई भितमा ऱ्हास का, भाऊ? ती ते एक रातले येस, सकायले जास. जठे चौरंग मांडा, तठे बसस."

किती सरळ होतं हे. आपणच दरवर्षी तिला बोलावतो, आपणच वाजतगाजत नदीवर पोचवतो. ती कुठल्याच भिंतीला धरून बसलेली नव्हती. धरून बसलो होतो तो मी. त्याच ओसरीवर मी नानांना "पाडू या" म्हणालो, आणि डोक्यावरचं घमेलं आत्ता उतरलं असं वाटलं.

श्रावणात त्या घरात शेवटची कानबाई बसवली. दिवाळीनंतर भिंतीला नारळ फोडला, हात जोडले आणि पहिली कुदळ मी मारली. जुनं दार तेवढं नव्या घराला ठेवलं. काम होईतोवर नाना-वहिनी मळ्यात राहिले.

आणि परवाच्या रविवारी कानबाई नव्या खोलीत आली. मनात धाकधूक होतीच... पण भाऊबंद सगळे आले, रोटांचा नैवेद्य झाला, बायकांनी रात्र गाण्यांनी जागवली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत कुणीही छताखाली पातेलं ठेवायला उठलं नाही.

सोबत फोटो टाकलाय. तसा त्यात बघण्यासारखं काही नाही. मागं सिमेंटची भिंत, कोपऱ्यात टाकीचा पाइप. पण वहिनी दारात पाय पसरून निवांत बसल्यात. या वेळी त्यांना थांबायला सांगावं लागलं नाही.