काढून ठेवलेलं लोढणं

मारक्या बैलाच्या गळ्यात बांधतात ते लाकडी लोढणं कुठं दिसलं, की बोरी अरबचा बैलबाजार आठवतो. कापसाचा भाव पडल्यापासून लोक बैल विकायला काढत होते. शेजाऱ्याच्या बैलानं माझ्या काकाच्या पोटात शिंग खुपसलं आणि त्याला उचलून आपटलं. आतडी धुळीत आली. लोक काठ्या घेऊन बैलावर तुटून पडले. शेजारी ओरडला, "मुक्या जनावराले काय समजते? कायले मारता त्याले?" गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून त्यानंच लोढणं काढून गाडीत दडवलं होतं. काकूनं ते ओढून काढलं. "जनावराले नाई, तुले तं माईत होतं!" म्हणत तिनं ते त्याच्या गुडघ्यावर हाणलं. हाड कडकन मोडलं. आज वकील म्हणून कोर्टात 'मालकाला आधीच कल्पना होती' एवढं सिद्ध करायला मला वर्षं लागतात. काकूला एक घाव पुरला होता.