पहिली जिलबी पाण्याला

साल दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं लागलं होतं. शाळा चौथीपर्यंत, पण पंधरा ऑगस्ट मी कधी चुकवला नाही.

आमचं जुनं गाव डिंभ्याच्या धरणात गेलं. तेव्हापासून घरचा नेम आहे. शाळेतलं झेंडावंदन झालं की सगळ्यांनी पाण्याच्या कडेला यायचं, पहिली जिलबी दगडावर ठेवायची आणि बुडालेल्या घराला हात जोडायचे. आपल्या मातीवर पाणी थांबलं म्हणून खाली देशात पिकतं, हे पोरांना कळावं. तोवर कुणी जिलबी तोंडात घालायची नाही. पोरगा असाच मोठा झाला. आता त्याची पोरगी नऊ वर्षांची आहे.

त्या दिवशी झिमझिम होती. पोरगा म्हणाला, "दादा, गुडघं दुखत्यात ना तुमचं? गाडीतूनच हात जोडू."

"देवाला जोडतो का गाडीतून?"

"जोडतो की. भीमाशंकरला पार्किंग मिळत न्हाई तवा."

नात हसली. मी नाही हसलो. चिखल तुडवत कडेला गेलो आणि काठी पाण्यावर रोखली. "ते बघ, तिथं आपलं घर."

"आजोबा, मागच्या वर्षी तुमी त्या टेकडीखाली दाखवलं व्हतं."

"पाणी वरखाली होतं, म्हणून तसं वाटतं."

"पण घर तर हलत नाय ना?"

पोरगा दुसरीकडं बघायला लागला. त्याला लहानपणापासून ठाऊक असावं. खरं म्हणजे त्या पाण्यात खुणेचं काही उरलेलंच नाही. चिंच गेली, देऊळ गेलं. दर साली मी अंदाजानं काठी रोखत आलो, आणि तसं कबूल कधी केलं नाही.

"मग हात कुणीकडं जोडू?" नातीनं विचारलं. जिलबीचा पाक तिच्या मनगटावर ओघळत होता.

"जोड कुणीकडंबी," मी खेकसलो.

तिनं जिलबी दगडावर ठेवली. हात जोडले नाहीत. घरी आलो. इतकी वर्षं शिकवलेलं या पोरीपाशी खोटं ठरलं, एवढंच डोक्यात. जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी चुलीतला कोळसा घेतला आणि ओसरीच्या फरशीवर गाव काढायला बसलो. घर पाण्यात नेमकं कुठं आहे, ते मला ठाऊक नाही, हे तिला सांगायचं होतं. गावात कुठं होतं, ते मात्र चुकणार नाही. वेस काढली, चिंच काढली, देऊळ काढलं, मग आमचं दार.

"दादा, आत्ताच पुसली व्हती फरशी," सून म्हणाली.

"पुसतो मी मागनं," म्हणालो, आणि नात उठायची वाट बघत तिथंच बसून राहिलो.