प्रार्थनेतली एक ओळ

बायकोच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला, तेव्हा बारामतीचे डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चार दिवसांनी. मी विचारलं, "परवा नाही का मिळणार?" ते म्हणाले, "इथे घासाघीस चालत नाही हो." बायकोने माझी बाही ओढली.

मी डाळिंबाच्या बागांतला माल विकत घेतो. दुसऱ्यांच्या फळांची कॅरेट उचलण्यापासून सुरुवात केली. आता कळंब-अंथुर्ण्याकडे माझा शब्द चालतो. सौद्यात माझी एक सवय आहे. बागवाला अडून बसला की मी उठतो आणि गाडीकडे चालू लागतो. दहा पावलांच्या आत मागून हाक येते, "ओ शेठ, थांबा की!"

त्या चार दिवसांत मी देवाशीही तसाच वागलो. पहिल्या दिवशी तंबाखू सोडतो म्हणालो. दुसऱ्या दिवशी त्यात दर रविवारी चर्चला येण्याचं घातलं, हंगामातसुद्धा. तिसऱ्या दिवशी सकाळी रिकाम्या चर्चमध्ये बसून बसून डोकं फिरलं. "राहिलं मग," असं मोठ्याने म्हणून उठलो. दारापर्यंत मुद्दाम सावकाश चाललो. हाक आली नाही. बाहेर ऊन होतं आणि दार उघडं राहिलेल्या माझ्या गाडीच्या सीटवर कुत्रं बसलं होतं.

घरी सांगितलं तर बायको तशातही हसली. "अवं, देव काय बागवाला हाय व्हय?" मग म्हणाली, "दुपारी दादांना बोलावलंय. प्रार्थनेला."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या चर्चच्या मंडळीतला पंच. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला लोक त्याला नेतात. आठ वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो. आई गेली त्या सकाळी मी बारामतीकडच्या एका बागेत होतो. निरोप आला तसा निघालो, तर वाटेत उसाची ट्रॉली उलटलेली, रस्ता बंद. पोचलो तेव्हा आईवर माती लोटून झाली होती. वर दादा चारचौघांत म्हणाला, "आलास? झाला का सौदा?" मी तिथंच त्याची कॉलर धरली.

तेव्हापासून प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणताना एका ओळीला मी गप्प राहायचो. आम्ही दुसऱ्यांना माफ करतो तशी तू आम्हाला माफी दे, असं तिथे मागायचं असतं. जे पाळायचं नाही ते बोलायचं नाही, हा माझा धंद्यातला नियम. देवापुढे कशाला मोडू? बायकोला हे माहीत होतं. त्या ओळीला ती आवाज वाढवायची, माझ्या वाट्याचंही तीच म्हणत असल्यासारखी.

दादा आला. डोकं पार पांढरं झालेलं. मला "सलाम" म्हणाला, मंडळीत सगळ्यांना म्हणतो तसा. मी नुसती मान हलवली.

"कवा कळणार?" त्याने बायकोला विचारलं.

"उद्या."

"भ्या वाटतंय?"

"मला न्हाय एवढं. ह्यांनाच. तीन दिवस धड जेवलं न्हाईत."

"ह्यो ल्हानपणापासनं असाच. परीक्षेच्या आदल्या दिवशी ओकायचा."

"तुला कुणी विचारलं?" मी म्हणालो. आठ वर्षांतलं माझं पहिलं वाक्य हे.

तिघे चटईवर बसलो. दादाने तिच्यासाठी थोडक्यात मागितलं, मग तिघांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. ती ओळ आली. मी थांबलो. दादाही थांबला. एकटी बायको म्हणू लागली, पण गाठीमुळे आवाज चिरकला, ठसका लागला आणि तीही थांबली. पुढं कुणालाच जाता येईना. डोळे उघडले तर दादा माझ्याकडेच बघत होता.

"तू का थांबलास?" मी विचारलं.

"आईच्या कबरंपाशी कॉलर धरलीस तू माझी. सगळ्या मंडळीसमोर. तवापासनं ह्या ओळीला आलो की त्वांड उघडत न्हाय."

"आणि तू माती लोटलीस त्याचं काय?"

"दीड तास थांबलो हुतो, लेका. तुझा फोन लागंना. लोकं उन्हात उभी."

दीड तास. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

बायकोचे डोळे मिटलेलेच होते. "मागनं भांडा," ती म्हणाली. "आदी ती ओळ म्हणा. मला बोलवंना."

म्हणालो. दोघेही, अडखळत. राग गेला नव्हता. हातात नसलेली गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदाच बोललो, ती पुरी करायचं देवावर सोडून. प्रार्थना संपल्यावर ध्यानात आलं, रिपोर्टबद्दल मी काही मागितलंच नाही, काही देऊही केलं नाही. भिंतीला टेकलो आणि बसल्या बसल्या झोप लागली. उठलो तेव्हा दिवस मावळला होता, दादा गेला होता, आणि मला भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, गाठ काढावी लागेल, पुढचे उपचार लांबतील. मी "बरं" म्हणालो. बायको माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

गाठ काढली. बारामतीच्या फेऱ्या अजून चालू आहेत. दादा सोबत येतो. ट्रॉली उलटली होती ती जागा आली की आमचं पुन्हा वाजतं आणि बायको मागच्या सीटवर डोळे मिटून घेते. काळजी जाते, दोन दिवसांनी परत येते. आली की ती मनात घेऊनच प्रार्थनेला बसतो. त्या ओळीला आता तिघेही बोलतो. दादाचा आवाज सगळ्यात मोठा असतो. त्याचाही मला राग येतो.