मधला खांब
राजापेठेतल्या दुकानदाराने मेणकापडाची घडी उलगडली आणि त्या वासासरशी मला काका गेले तो दिवस आठवला. झड लागून आठवडा झाला होता. गावात वाळलेलं लाकूड कुठेच उरलं नव्हतं. बाभळी ओल्या, कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या. काकांना मेणकापडाने झाकून ओसरीत ठेवलं होतं आणि माणसं नुसती आभाळाकडे पाहत होती. शेवटी काकूच म्हणाली, "कोठा उकला. त्यायच्याच हातचा हाये." बैलांचा तो कोठा काकांनी सुताराच्या जोडीने उभा केला होता, सगळा सागाचा, खिळा एकही नाही, नुसत्या लाकडी खुंट्या. बैल बाहेर पावसात बांधले, छपरावरचे कवेलू उतरवले, आणि खुंट्या ठोकून काढल्या तशा वर्षानुवर्षं धुरी खाऊन वाळलेल्या आडव्या मयाली सुटून आल्या. आत कोंडलेला शेणाचा, कडब्याचा उबदार वास पावसात विरून गेला. कोणीतरी मधल्या जाड खांबाला पहार लावली तशी काकू उठली. "तो राऊ द्या," म्हणाली, "मी बी अशाच पान्यात मेली त काय करसान?" पहार काढून घेतली. काका नीट जळले. तो खांब अजून अंगणात एकटाच उभा आहे, आणि दरवर्षी पाऊस लागायच्या आत काकू त्याला मेणकापड गुंडाळते. यंदा तिचा हात वर पोचत नाही, म्हणून गुंडाळायला मी चाललो आहे.