हरवलेल्यांच्या रकान्यातली एक

देशाचं काम मोजायची पट्टी आमच्या केंद्राच्या भिंतीवर चिकटवलेली आहे. एचआयव्ही असलेल्यांपैकी किती जणांना ते माहीत आहे, माहीत असलेल्यांपैकी किती जण औषधावर आहेत आणि औषधावरच्यांपैकी किती जणांच्या रक्तातला विषाणू दबला आहे. तिन्ही ठिकाणी शंभरातले पंच्याण्णव हवेत. अमरावतीच्या या केंद्रात मी समुपदेशक आहे. दर महिन्याचे आकडे मीच वर पाठवते. दिल्लीचा तक्ता माझ्या टेबलावरून सुरू होतो, असं राजापेठेतल्या शेजारणींना मी ऐटीत सांगते. त्या हसतात. हसू देत.

त्या तक्त्यात 'हरवले' असाही एक रकाना आहे. औषध न्यायला यायचेच बंद झालेले लोक त्यात जातात. अचलपूरची एक सून माझ्याच हातानं त्यात गेली आणि मला चैन पडेना. औषध सुटलं की दबलेला विषाणू पुन्हा डोकं वर काढतो, हे तिला मीच समजावलं होतं. शिवाय ती शेवटची आली त्या दिवशी मी कावलेली होते. गर्दी होती, ती उठत नव्हती, म्हणून दारातून तिचं पूर्ण नाव दोनदा ओरडले होते. माझा आवाज म्हणजे भोंगाच. ती आत आलीच नाही.

कुणाच्या घरी जायचं तर केंद्राचं नाव काढायचं नाही, ही आमची रीत. म्हणून मी शिवणवर्गाची बाई झाले. पिशवीत कापडाचे तुकडे टाकून एसटीनं अचलपूर गाठलं. सासू दारातूनच म्हणाली, "ते त माहेरी गेली, हिवरखेडले. माहा पोरगा गेल्यावर कायले राहीन ते इथं?"

पुढच्या रविवारी हिवरखेड. मला पाहताच तिचा चेहरा उतरला. तिनं आईला चहा ठेवायला आत पाठवलं.

"दवाई काहून सोडली वो?" मी बसायच्या आधीच सुरू झाले.

"कोनं सोडली? अकोल्यावरून घेऊन राहिली मी. एक दिस चुकवला नाही."

"मंग आमच्याकडं काहून नाही आली?"

"तुमी माह्यं नाव केवढ्यानं पुकारलं, मॅडम! समोर आमच्याच गल्लीतली बाई बसून होती. मी तशीच निंगून गेली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अकोल्यात तिनं माहेरचं नाव लावलं होतं आणि आधी कधी औषध घेतलंच नाही, असं सांगितलं होतं. म्हणजे देशाच्या हिशेबात ती दोनदा होती. आमच्याकडे हरवलेली, तिकडे नवी. तिनं धान्याच्या कोठीमागून गोळ्यांची डबी काढली, सोबत घडी घातलेला तपासणीचा कागद. विषाणू आढळला नाही. तीन वेळा वाचला मी तो.

तिला विचारून अकोल्याला फोन केला, दोन नोंदींची एक केली. त्या महिन्यात हरवलेल्यांचा आकडा एकानं उतरला. आमचे डॉक्टर म्हणाले, "एकानं काय फरक पडतो?" मी भांडले त्यांच्याशी. आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्रात नावानं हाक मारणं बंद केलं. प्रत्येकाला नंबर, तोही हळू आवाजात.

यंदा ती अमरावतीत राहायला आली. खरंच शिवणकाम शिकली, एका दुकानात ब्लाउज शिवते आणि औषधाला पुन्हा आमच्याकडे येते. नव्यानं कळलेल्या बाया रडत बसल्या की त्यांच्याशी बोलायलाही तिलाच बसवते मी. मागच्या आठवड्यात मी दारातून हळूच म्हणाले, "सतरा नंबर."

ती जागची हलली नाही. हॉल भरलेला होता.

"सतरा नंबर."

"मॅडम, मले नंबर नका देऊ," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "नावानं पुकारा न. पयलेसारखं."

मी घसा साफ केला आणि तिचं पूर्ण नाव ओरडले.